कपाळावरची आठी

उन्हाने तापलेल्या पडद्यांचा वास आला की सांगवीच्या घरातली एक सकाळ आठवते. मायग्रेनसाठी कपाळात आणि मानेत बोटॉक्सची इंजेक्शनं घेऊन मला थोडेच दिवस झाले होते. दुखणं थांबायला अजून वेळ होता, पण कपाळ मात्र हलेनासं झालं होतं, त्यावर आठी पडतच नव्हती. दुखतंय हे मी कधीच बोलून दाखवत नसे. एरवी आई माझ्या कपाळावरची आठी बघायची आणि काही न विचारता पडदे ओढायची, मिक्सर बंद करायची. त्या सकाळी बाबा कंपनीच्या बसने गेले होते, डोकं ठणकत होतं आणि फोडणीची चरचर पाण्याखालून आल्यासारखी लांबून येत होती. आईने माझं गुळगुळीत कपाळ निरखून पाहिलं. "लागू पडलं बाई औषध!" म्हणत तिने सगळे पडदे सरकवले. खोलीभर पांढरं ऊन सांडलं. तिचा आनंद मला मोडवेना, आणि ऊनही सोसवेना. "आई, दुखतंय," मी शेवटी म्हणाले. तिचा हात पडद्यावरच थांबला. "मग बोलायचं ना गं! आता मला कसं कळणार?" हल्ली डोकं क्वचितच दुखतं. तरी आई सवयीने आधी कपाळ बघते, मग स्वतःशीच हसून "दुखतंय का गं?" विचारते, आणि मी सांगते.