किंचाळणारी कॅसेट

आमच्या नागापुरात टीव्ही गेमला जी चपटी डबी लावतात तिला कॅसेट म्हणतात. गाण्याच्या फितीलाही कॅसेटच म्हणतात आणि भाड्याने पिक्चर आणतात तीही कॅसेटच. एका शब्दावर एवढा संसार चालवायचा म्हटल्यावर कोणीतरी अडकणारच. शहाण्णव साली प्रज्ञा अडकली.

प्रज्ञा म्हणजे आमच्या शेजारच्या कचरूकाकांची थोरली. बारावी झालेली, बोलायला कमी आणि हट्टाला जास्त. काका एमआयडीसीत कामाला. मालकाच्या पोराने टाकून दिलेला जुना टीव्ही गेम त्यांनी एक दिवस पिशवीतून घरी आणला. खेळायचे दोन्ही हँडल मोडलेले, म्हणजे खेळायची सोय नाहीच. चालत होता फक्त त्याचा कीबोर्ड आणि 'बेसिक' लिहिलेली एक डबी. प्रज्ञाचा भाऊ सम्राट म्हणाला, बाबांनी बैल न आणता नुसती घुंगरं आणली.

प्रज्ञाला मात्र त्या घुंगरांचाच नाद लागला. बेसिक म्हणजे मशीनशी बोलायची भाषा, एवढं तिने कुठूनतरी काढलं आणि आठवडाभरात टीव्हीच्या पडद्यावर आपलं नाव वरपासून खालपर्यंत लिहून दाखवलं. पुढे गाडी अडली. सोबतचं पुस्तक जपानी की चिनी, यावर आमच्या गल्लीत दोन पक्ष होते. वाचता दोन्ही पक्षांना येत नव्हतं. पुस्तकात टीव्हीत चालणाऱ्या बुटक्या माणसाचं चित्र होतं. तो चालवायचा कसा, हे त्याच्या शेजारी लिहिलेलं असणार, पण त्या लिपीत. प्रज्ञा 'मूव्ह' असं टाइप करायची आणि मशीन भोंगा वाजवून चूक दाखवायचं.

हा नुसता छंद असता तर मी एवढं लिहिलं नसतं. सावेडीतल्या कॉम्प्युटर क्लासच्या सरांना सुट्टीत लहान पोरांना शिकवायला कोणीतरी हवं होतं. ते तिला म्हणाले होते, स्वतः हलवलेलं एक चित्र दाखव, मग पोरांना शिकव आणि उरलेल्या वेळात माझ्या कॉम्प्युटरवर पाहिजे तेवढं बस. मुदत बाबासाहेबांच्या जयंतीनंतरच्या पहिल्या सोमवारची. दुसऱ्या कुठल्या रस्त्याने कॉम्प्युटर तिच्या हाताखाली येणार नव्हता, हे तिला पक्कं माहीत होतं.

मग शोध सुरू झाला. रद्दीची दुकानं झाली, वाचनालय झालं. पुण्याहून कोणीतरी बेसिकचं जाड पुस्तक आणलं, ते भलत्याच मशीनचं निघालं. शेवटी तिने मुंबईच्या रंगनाथमामांना निरोप धाडला, की असले गेम दुरुस्त करणारा कोणी गाठा आणि बेसिकचे नमुने असलेली कॅसेट पाठवा. तिच्या डोक्यात डबी होती. मामांनी पाठवली फीत.

ती आम्ही टेपरेकॉर्डरवर लावली. आतून पत्रा कापल्यासारखी किंचाळी सुरू झाली ती थांबेचना. प्रज्ञाच्या आईने, भिमाबाईंनी, स्वयंपाकघरातून सांगितलं, बंद करा नाहीतर मी टेप उचलून बाहेर ठेवते. मामांना कोणीतरी गंडवलं, असं ठरलं. फीत फळीवर गेली आणि प्रज्ञा पुन्हा त्या न वाचता येणाऱ्या पुस्तकाकडे वळली.

जयंतीच्या आदल्या दिवशी दुपारी तिने मला भिंतीवरून हाक मारली. कीबोर्ड पुसताना मागच्या बाजूला दोन बारीक भोकं दिसली होती. एकाशेजारी नखाएवढं चित्र होतं, दोन चाकं आणि त्यांच्यामधून जाणारी पट्टी. फितीचं चित्र. म्हणजे ती किंचाळी आपल्यासाठी नव्हतीच, मशीनसाठी होती.

फळीवर हात घातला तर फीत नाही. भिमाबाई म्हणाल्या, सम्राट घेऊन गेला. खराब कॅसेट नुसतीच पडलीय, म्हणून मिरवणुकीची गाणी भरून आणायला चांदभाईंकडे.

सायकल माझी, पण चालवली प्रज्ञाने. माझ्या वेगावर तिचा भरवसा नव्हता. मी मागे बसून वाटेतल्या लोकांची नजर चुकवत होतो.

चांदभाईंच्या दुकानात मशीनचा लाल दिवा लागलेला होता आणि गाणं सुरू होतं. बाकावर सम्राट आणि मंडळाची पोरं चहा पीत होती.

"चांदभाई, बंद करा," प्रज्ञा म्हणाली.

"गाणं मधे तोडत न्हाई बेटी. गिऱ्हाईक शिव्या देतं."

"कॅसेट माझी हाय."

सम्राट उठला. मंडळासमोर बहिणीने असं येणं त्याला लागलं होतं. "ताई, तिच्यात नुसतं किंचाळनं हाय. बाबासाहेबांच्या गान्यापेक्षा ते मोठं हाय का?"

या प्रश्नाला आमच्याकडे एकच उत्तर असतं आणि ते द्यायला प्रज्ञा आली नव्हती. फीत फिरतच होती. प्रत्येक कडव्याला आतलं काय काय पुसलं जातंय, याचा हिशोब तिच्या चेहऱ्यावर दिसत होता.

"मोठं न्हाई," ती सावकाश म्हणाली. "पन ते किंचाळनं न्हाई सम्र्या, लिखान हाय. ते शिकायसाठी मी कुठंकुठं फिरले तुला म्हाईत हाय. अन् तू ते पुसून त्याच्यावर 'शिका' म्हननारं गानं भरतोयस."

चांदभाईंनी बटण दाबलं. लाल दिवा विझला.

भरलेली फीत चुकून पुसली जाऊ नये म्हणून तिच्या पाठीची प्लास्टिकची पट्टी तोडतात. तिथे कागदाचा बोळा कोंबला की परत भरता येते. चांदभाईंनी तो बोळा नखाने काढून टेबलावर ठेवला. "दोन्ही बाजूंच्या पट्ट्या तोडलेल्या होत्या," ते म्हणाले. "मी तेव्हाच विचारायला पायजे होतं." पहिली बाजू बरीच गेली होती. दुसरी अजून लावायची होती.

आता गाणी कशावर भरायची, असं सम्राटने विचारलं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पिक्चरची गाणी भरायला मी तिथे एक कोरी कॅसेट टाकून ठेवली होती. ती मी मोठ्या मनाने दिली, म्हणजे सम्राटने उचलली.

जोडायची वायर चांदभाईंनीच दिली. घरी पहिली बाजू लावली. आधी गाणं, मग किंचाळी, मग चूक. आवाज वाढवून पाहिला, कमी करून पाहिला. चूक. प्रज्ञाने दुसरी बाजू लावली. ट्यूबलाईट फडफडायला लागली. लाईट गेली असती तर मशीन ऐकलेलं सगळं विसरलं असतं. भिमाबाईंनी उठून पंखा बंद केला, जणू अक्षरं वाऱ्याने उडतील. सम्राट दारात उभा होता, आत यायचं की नाही हे न ठरवता.

किंचाळी थांबली. पडद्यावर 'ओके' उमटलं.

प्रज्ञाने बटण दाबलं आणि बुटका माणूस पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला.

"चालला की," सम्राट म्हणाला आणि आत आला.

ती त्या माणसाकडे बघतच नव्हती. तिने त्याला थांबवलं आणि त्याला चालवणाऱ्या ओळी पडद्यावर मागवल्या. 'मूव्ह'च्या आधी एक ओळ होती, 'डेफ मूव्ह'ची. माणूस कोणता, तोंड कुणीकडे, वेग किती, सगळं त्या ओळीत.

"आधी तो कोन हाय ते सांगायचं आसतं," ती स्वतःशीच म्हणाली. "मी आपली डायरेक्ट चाल म्हनत हुते."

सोमवारी आम्ही तो गेम पोत्यात घालून सावेडीला नेला. सरांच्या टीव्हीवर निळ्या पडद्यातून एकामागे एक बुटके चालत गेले, मिरवणूक होती ती. सरांनी विचारलं, हे कुठल्या पुस्तकातून शिकलीस.

"पुस्तक न्हाई सर. कॅसेट."

"कुठली, गेमची?"

प्रज्ञाने उत्तर द्यायच्या आधी नीट विचार केला. "गान्याची," ती म्हणाली.

सरांना ते काही समजलं नाही. पण ते कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीतून उठले आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली.