मी ठिपके जोडत राहिलो

मित्रांनो, आज जीव थाऱ्यावर नाही.

मी मोबाईल गेमसाठी जुन्या व्हिडिओ गेमसारखी चौकोनी ठिपक्यांची मराठी अक्षरं बनवतो. आधी बाबांना वाचायला देतो. हप्ताभर ते म्हणून राहिले होते, "अक्षरं तुटून राहिली रे." मी रोज ठिपके वाढवत गेलो.

आज आमच्या बिरसी गावच्या शेतात चुकून मोबाईलमधली नेहमीची साधी अक्षरं त्यांच्यापुढे धरली.

"हे बी तुटूनच राहिले."

"बाबा, हे मी नाही बनवलं."

त्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला. मग हळूच म्हणाले, "मले वाटलं, तुही अक्षरंच तशी हायेत."

उद्या गोंदियाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन राहिलो. कुणाच्या घरी असं झालंय का? उशीर तर नाही ना झाला? मी हप्ताभर ठिपकेच जोडत बसलो हो.