अब खोल दीजिए

आमच्या काळाचौकीच्या भजनी मंडळाचा पखवाज दुरुस्तीला घेऊन मी परळच्या तबलेवाल्या काकांकडे गेलो, तेव्हा तिथे एक जण बसलेला होता. काबूलचा, तिशीचा असेल. त्याच्या तबल्याची चामड्याची पुडी तिथल्या, गाणंबजावणं बंद करायला निघालेल्या बंदूकवाल्यांनी सुरीने फाडली होती. लाकडी खोड तेवढं त्याने गोधडीत गुंडाळून इथवर आणलं होतं.

काका नवी पुडी चढवत होते आणि तो पापणीही न लववता त्यांचे हात बघत होता. काकांनी वादी ओढली की याची बोटंही हवेत ओढायची. शेवटी काकांनी सूर मिळवून तबला पुढे सरकवला. त्याने एकच थाप मारली. काय सांगू! समोरचा चहावाला किटली घेऊन दारात आला. मी तर "वा!" म्हणून ओरडलोच.

त्याने डोळे पुसले. म्हणाला, "चाचा, अब खोल दीजिए."

"खोल? आत्ता तर चढवली!" काका भडकले.

"फिर से मैं चढाऊंगा. उधर बजानेवाले छुपकर बैठे हैं. बनानेवाला कोई नहीं बचा."

ज्या काकांनी सख्ख्या मुलालाही कधी हातोडीला हात लावू दिला नाही, त्यांनी गाठ सोडली आणि त्याला आपल्या पाटावर बसवलं.

"काका, माझा पखवाज?"

"उद्या ये रे. आज काबूलचं काम आहे."

त्या संध्याकाळी आमचं भजन नुसत्या टाळांवर झालं, आणि मी कधी नव्हे इतक्या जोरात गायलो.