नव्वद नंबरचं तेल

फौजेतून सुटून मी तेरखेड्याला परतलो तेव्हा बहात्तरचा दुष्काळ सुरू होता. फौजेच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या ईएमई दलात मी नायक, व्हेईकल मेकॅनिक होतो. गावाजवळच्या सहकारी सोसायटीनं मला जीपवर ड्रायव्हर ठेवलं. सकाळी सहाला ऑइल, पाणी, ब्रेक तपासायचे आणि दुष्काळी कामांवर धान्य पोचवायचं, हा रोजचा क्रम.

दोन महिन्यांनी तिसऱ्यातून दुसऱ्या गिअरला येताना गाडी खरखरू लागली. मी सोसायटीच्या शिवाप्पा मिस्त्रींना विचारलं, "गिअरबॉक्सात कोणतं तेल घातलंय?"

"नव्वद नंबर. पुस्तकात तेच हाय की."

नंबर बरोबर होता. मी प्लग उघडून वास घेतला नाही. ती चूक माझी.

चौथ्या दिवशी साडेदहाला, मी धान्य पोचवलेल्या कामावर खडी फोडणाऱ्या कमलबाईंना रक्तस्राव सुरू झाला. आठवा महिना होता. नवरा सोपान त्यांना धरून मागं बसला. आम्ही बार्शीच्या दवाखान्याकडं निघालो.

येडशी सोडून घाट उतरताना ब्रेक तापले. पेडल खोल जाऊ लागलं. दुसरा गिअर टाकायला गेलो. नुसती खरखर झाली, गिअर पडला नाही. समोर वळण होतं.

"काय झालं हो?" सोपाननं विचारलं.

"काय न्हाय. बाईला घट्ट धरा."

गिअर पडत नसला तर तो कसा टाकायचा, हे हवालदार बलवंत सिंग यांनी फौजेच्या ट्रेनिंगमध्ये शंभरदा करून घेतलं होतं. क्लच. न्यूट्रल. क्लच सोड. रेस. क्लच. गिअर. पहिल्या खेपेला जमलं नाही. दुसऱ्या खेपेला गिअर पडला. इंजिननं गाडी धरली. वळण पार झालं.

बाराच्या आत बार्शी गाठली. कमलबाई वाचल्या. मुलगीही वाचली.

दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स रिकामा केला. तेलाला गंधकाचा वास होता आणि त्यात पितळेचा चुरा चमकत होता. तेल नव्वदच, पण मागची चाकं फिरवणाऱ्या डिफरन्शियलचं. त्यातलं गंधक गिअरबॉक्समधल्या, गिअर जुळवून घेणाऱ्या पितळी रिंगा खातं. गिअरबॉक्सला साधं नव्वद लागतं.

शिवाप्पांनी तो चुरा बोटांवर घेऊन बराच वेळ पाहिला. "मला हे कुणी सांगितलंच न्हाय," ते म्हणाले.

"मला सांगितलं होतं," मी म्हणालो.

सांगणारे बलवंत सिंगच. एकाहत्तरच्या डिसेंबरात, पश्चिम सीमेवर, बंद पडलेल्या ट्रकखाली काम करताना तोफेचा गोळा पडून ते गेले. वय छत्तीस. घरी दोन मुली होत्या. त्यांनी मागितलेला पाना आणायला मी तीस पावलं लांब गेलो होतो.