गोल जाईपर्यंत चहा नाही

असे किस्से काही ठरवून जमवावे लागत नाहीत. निर्माल्याचं कसं होतं, रोज चार फुलं, दोन बेलपानं पिशवीत टाकतो आणि एक दिवस पिशवीचं तोंडच बांधता येत नाही. माझं तसंच झालंय! पुंडलिकनगरच्या आमच्या घरात वर्षभर डायनिंग टेबलावर बर्ड फ्लूचा नकाशा मांडलेला होता, आणि टेबलाला लागूनच माझं देवघर. किस्से साठणारच की!

नकाशा आमच्या सुनेचा, सायलीच्या पीएचडीचा. जगभरात ज्या माणसांना बर्ड फ्लू झाला, ती कुठं आणि कधी आजारी पडली याचे ठिपके मांडायचे. मग दाटी दिसेल तिथं कॉम्प्युटर लाल गोल काढतो. मदतीला दोघं. एक म्हस्के, जनावरांचा डॉक्टर, पैठणकडच्या खेड्यातल्या मेंढरंवाल्यांच्या घरातला. दुसरी उस्मानपुऱ्याची शबाना, आकडेमोडीत पक्की. डिपार्टमेंटची लाइट सारखी जायची आणि आमच्याकडं इन्व्हर्टर, म्हणून मुक्काम आमच्याकडं.

हसणं-खिदळणं चालायचं, पण सायलीची नजर कायम कॅलेंडरवर. मिळालेली मुदतवाढ शेवटची होती. या वेळी समितीपुढं काही ठोस ठेवलं नाही, तर सगळी वर्षं पाण्यात!

*

पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "ठिपके जवळ आले की गोल, एवढंच ना?"

म्हस्के म्हणाला, "नाय काकू. एका गल्लीत एकाला दिवाळीत ताप आला अन् दुसऱ्याला होळीत, तर गोल नाय. जागा बी एक पायजे अन् येळ बी."

"मग हे तर हळदीकुंकूच झालं! सगळ्याजणी एकाच घरी, एकाच संध्याकाळी."

झालं! तेव्हापासून गोलाचं नावच हळदीकुंकू पडलं. "काकू, बड्डा हळदीकुंकू निकला!" अशी शबानाची आरोळी स्वयंपाकघरापर्यंत यायची.

पुढं सायलीनं ऑनलाइन मीटिंगमध्ये परदेशातल्या प्रोफेसरांना नकाशा दाखवला. घाईत नावं बदलायची राहून गेली. एक गोल 'हळदीकुंकू एक', दुसरा 'हळदीकुंकू दोन'! प्रोफेसर बराच वेळ चष्मा वरखाली करत बघत राहिले. मग अदबीनं विचारलं, "हा प्रांत नक्की कुठल्या देशात येतो?"

*

टेबलावरचे कोंबडीचे फोटो शेजारच्या मालतीताईंनी एकदा खिडकीतून पाहिले. कॉलनीत बातमी पसरली, यांच्याकडं बर्ड फ्लू आलाय! आता आमच्या घरात पक्षी म्हणाल तर रांगोळीतला मोर.

तरी चैत्रगौरीला मालतीताई आल्या. मास्क लावून. ओटी लांबूनच घेतली, नारळाला सॅनिटायझर चोळला. मी पन्ह्याचा पेला पुढं केला. माझ्याकडं चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा उंबऱ्याच्या बाहेर! तर या पेल्यात वाकून बघत म्हणतात, "यात अंडं नाही ना हो?"

*

म्हस्केची आई गावी कोंबड्या पाळते. त्यानं तिला बजावून ठेवलेलं, "कोंबडी मेली की हात लावायचा नाय, लेकरं लांब ठेवायची, मला फोन करायचा."

एका सकाळी तिचा फोन आला, कोंबडी मेली म्हणून. म्हस्के हातातला पोह्यांचा घास टाकून उठला. "बाय, हात लावला का?"

फोन स्पीकरवर होता. "नाय रं बाबा. वर घमेलं पालथं घातलंय. तुझा बाप बाज टाकून राखण करतोय. गल्लीतलं एक लेकरू फिरकू दिलं नाय."

म्हस्केनं चपलेत पाय घालतच विचारलं, "आजारी दिसत होती का आधी? मान टाकली व्हती?"

"कशाची आजारी! टेम्पोखाली आली की."

म्हस्के परत पोह्यांच्या बशीकडं वळला. पण मला मात्र त्या माउलीचं कौतुक वाटलं. सांगितलेलं जसंच्या तसं करणारी माणसं आहेत, तोवर या जगाचं काही वाईट होत नाही!

*

मग एक दिवस नकाशावर भला मोठा गोल उमटला. कुठल्याशा लांबच्या देशातल्या एका शहरावर. तिघं टाळ्या पिटायला लागले. मला मात्र धसका बसला. सायलीला विचारलं, तर म्हणाली, "आई, कोंबड्यांपासून होतोय तोवर बाजार बंद करून आवरता येतो. पण माणसाकडून माणसाला जायला लागला ना..." वाक्य अर्धंच सोडून तिनं कपाला तोंड लावलं.

माझा चहा कपातच निवून गेला. ते ठिपके यांच्यासाठी आकडे, पण प्रत्येक ठिपक्याची कुठंतरी एक आई असेलच ना? देवघरात गेले आणि महादेवाला म्हटलं, "हा गोल जाईपर्यंत चहा सोडला." कुणाला काही बोलले नाही.

डोकं ठणकायचं. आमच्या ह्यांना वाटलं, मी रुसलेय! ते आपणहून भाजी निवडायला लागले. तेवढा एक फायदा.

आणि एका दुपारी शबानाचा आवाज आला, "गोल गया!"

मी लगेच साजूक तुपातला शिरा केला, बेलपान वाहिलं, वाट्या भरून बाहेर आले. बघते तर सायली टेबलावर डोकं टेकून रडतेय. शबानानंच चूक शोधली होती. त्या आजाऱ्यांच्या गावाच्या जागी मोठ्या दवाखान्याचाच पत्ता भरला गेला होता. माणसं होती चहूकडच्या खेड्यांतली, ठिपके सगळे दवाखान्यावर! खरी गावं घातली आणि गोल विरघळला.

"आई, समितीला आता काय दाखवू?"

मी एक वाटी तिच्यापुढं ठेवली. "अगं... चहा सोडून मीच मागितलं होतं गं. गोल जाऊ दे म्हणून."

शबानाचे डोळे एवढाले झाले. "काकू! हमारा गोल आपने हटाया?"

म्हस्के शांतपणे म्हणाला, "काकू, देवाला मेल करताना आमाला सीसीत तरी ठेवायचं!"

रडता रडता सायली अशी हसली की शिरा सांडला.

*

मग शिरा खाता खाता नवं मागणं ठरवायला सगळे बसले. शबाना म्हणाली, "पहिले बीमार लोगां अच्छे होने दो." म्हस्के म्हणाला, "नवा ठिपका एक बी नको." सायली म्हणाली, "पण जुने नीट दिसू देत."

तेवढ्यात त्यांचे गाइड सर आले. सरांचा देवावर विश्वास नाही. आमच्याकडं आले तरी देवघराकडं पाठ करून बसतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे शास्त्रात बसत नाही." मग शिऱ्याची वाटी ओढून घेत पुढं म्हणाले, "पण मागणारच असाल, तर 'खरा गोल' असं मागा. नुसता गोल मोघम होतो."

मी तसंच मागितलं आणि काम पास होईपर्यंत चहा बंदच ठेवला. शबानानं जुम्म्याला दुआ मागितली, शब्द तेच!

त्यांनी एकेका माणसाचं गाव शोधलं, ताप कधी भरला तेही तपासलं. मी पोळ्या लाटत असताना सायलीनं हाक मारली. नकाशावर दोन गोल, बांगडीएवढे. दोन्ही हिवाळ्यातले, दोन्ही जिवंत कोंबड्यांच्या बाजाराभोवती. आणि बाजार बंद करून धुऊन काढला, की पुढं ठिपकाच नाही!

"म्हणजे आवरता येतं?" मी विचारलं.

"येतं, आई."

पोळी करपली. करपू दे म्हटलं.

*

समितीनं सायलीचं काम पास केलं. सोमवारी मी उद्यापन केलं. पुरणपोळीचं जेवण झालं, म्हस्केच्या आईनं खास जोंधळ्याचं पीठ धाडलं होतं, मालतीताई बिनमास्कच्या आल्या. मी कितीतरी दिवसांनी आल्याचा चहा टाकला.

सर कप घ्यायला स्वतः स्वयंपाकघरात आले. मागं वळून बघितलं, दार थोडं लोटलं आणि हळू आवाजात म्हणाले,

"वहिनी, माझा दुसरा एक विद्यार्थी डेंग्यूचा नकाशा करतोय. त्यात एक गोल आलाय, मला खोटा वाटतो. तुम्ही हा कप संपवा निवांत. पण उद्यापासून... जमेल का?"