हलू नका, अध्यक्ष

आमच्या खडकीच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणारे काका ट्रंकेएवढ्या जुन्या लाकडी कॅमेऱ्यासाठी पार्किंगच्या एका कोपऱ्यात बसून स्वतःच शटर बनवतात. भिंगापुढे उघडमीट करणारी ती झडप कधी बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्याची असते, तर कधी काकूंच्या पातेल्याच्या नव्याकोऱ्या झाकणाची. जमली की काका स्वतःलाच "वा!" म्हणतात आणि फसली की हवामानाला दोष देतात.

त्यांच्या ठोकाठोकीला वैतागून सोसायटीच्या अध्यक्षांनी त्यांना पार्किंगमधला तो कोपरा रिकामा करायला सांगितलं. काका म्हणाले, "करतो. त्याआधी आपला एक फोटो काढू द्या."

अध्यक्ष कोट घालून आले.

"शटर जरा संथ आहे," काका म्हणाले. "मी सांगेपर्यंत हलायचं नाही. बोलायचं तर नाहीच."

लगेच खट् झालं. मी शेजारीच उभा होतो, मला स्पष्ट ऐकू आलं. काकांनी मला डोळा मारला, घरातून चहा मागवला आणि तो निवांत संपवला. अध्यक्ष तोवर पुतळ्यासारखे बसून होते.

फोटो मात्र सुरेख आला. अध्यक्ष त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले, मग हळूच म्हणाले, "कोपरा राहू द्या. पण काय हो, मी खरंच इतका भला दिसतो?"

"दिसता ना," काका म्हणाले, "गप्प असलात की."