जाऊबाईच्या हाताले मानलेली माझ्या आईची मशीन

मैत्रिणींनो, खोटं काऊन बोलू? आज मी माझ्या धाकट्या जावेवर लय जळून राह्यली.

माझ्या आईची जुनी शिलाई मशीन मी पंधरा दिवसांपासून दुरुस्त करून राह्यली होती. घरचं मोहाच्या बियांचं तेल टाकलं. थंडीत ते गोठलं अन् चाक जाम झालं.

आज जावेनं मशीन उन्हात ठेवली, तेल पातळ झाल्यावर पेट्रोलनं पुसली अन् मशीनचं तेल सोडलं. लगेच चालू!

सासूबाई म्हणाल्या, "मशीन हिच्याच खोलीत ठेवा. हिच्या हाताले मानते."

माझी आई, माझी मशीन!

जाऊ म्हणाली, "ताई, पहिले तुमच्या ब्लाउजची उसवलेली शिवण मारून देतो."

तुमच्याही घरी आहे का अशी कोणी? मी तर दुपारपासून त्या शिवणीत वाकडा टाका शोधून राह्यली.

एकही नाई भेटला.